रंगाचा तिसरा हात

आमच्या घरात पांढऱ्याला कोणी रंग म्हणत नसे. बाबा गिरणीत रंगखात्याचे मास्तर होते आणि त्यांच्या लेखी पांढरं कापड म्हणजे ज्याचं अजून काहीच झालेलं नाही असं कापड. मी शाळेच्या ब्लाउजसाठी पॉपलिन आणलं की ते गॅलरीत नेऊन उलटंसुलटं करत आणि "चांगलं आहे, आता रंगवून घे" म्हणून परत देत. मल्हारगंजातलं आमचं बिऱ्हाड म्हणजे दोन खोल्या, एक लांबट गॅलरी आणि खाली सोनीजींचं सोन्याचांदीचं दुकान. गॅलरी उत्तरेकडे तोंड करून होती. तिथला उजेड पाहून बाबांनी जागा पसंत केली, वरच्या नळाला पाणी चढत नाही हे नंतर आईला कळलं, आणि तो विषय त्यांच्या संसारात कायमचा राहिला. रंग पाहायचा तो उत्तरेच्या उजेडात, सकाळी दहा ते अकरा. ट्यूबलाइटखाली साड्या घेणाऱ्या बायकांबद्दल बाबा फार वाईट बोलत. त्यांची एक जाड वही होती. रंगवलेल्या प्रत्येक लॉटचा बोटभर तुकडा कापून ते तिच्यात डकवत आणि खाली औषधांची प्रमाणं लिहीत. लॉट बाजारात गेला तरी त्याचा तुकडा आपल्याकडे राहिला पाहिजे, हा त्यांच्या खात्याचा रिवाज होता. रंग बिघडला तर तो रसायनात टाकून उतरवावा लागे आणि ती मास्तरची नाचक्की समजली जाई. अख्ख्या नोकरीत बाबांचा एकही लॉट उतरवायला गेला नव्हता. हे ते स्वतः कधी सांगत नसत. आई सांगे, तीही भांडताना.

गिरणीला कुलूप लागलं तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. ते कोणामुळे लागलं यावर शहरात पुष्कळ बोलून झालं आहे. मला आठवतात ती बाबांची नखं. जन्मापासून मी ती कधी निळी, कधी किरमिजी, कधी हळदीची पाहिली होती. तीनचार महिन्यांत ती वाढून, कापली जाऊन अगदी स्वच्छ झाली आणि मला त्या स्वच्छ नखांची भीती वाटायला लागली. बाबा पहिल्या पाळीच्या वेळेला उठत, आंघोळ करून गॅलरीत बसत आणि वही उघडत. खालून सोनीजींच्या हातोडीची बारीक टकटक यायची, आतून आईच्या कालथ्याचा आवाज, आणि मधूनमधून पान उलटल्याचा. पोह्यांवर शेव आणि जिरावण मसाला घालून मी बशी त्यांच्याजवळ ठेवत असे. अकरा वाजता ती निम्मी भरलेली परत येई. ते कोणावर चिडत नव्हते आणि आईला तेच झेपत नव्हतं.

अशात एका दुपारी मुजुमदार सर जिना चढून आले. ते पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले, सडपातळ, खिशाला चार पेन्सिली. पूर्वी मुलांना गिरणी दाखवायला आणत, एवढीच ओळख. आईनं चहा ठेवला आणि सरांनी सरळ विषय काढला.

"मास्तर, एक रंगकाम आहे. विमानाचं."

"कागदाच्या?" बाबांनी विचारलं. दीड वर्षात त्यांनी केलेली ती पहिली थट्टा. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काचेच्या," सर शांतपणे म्हणाले. "मी बनवतोय घरीच. नऊ वर्षं झाली. मोटारीचे पेंटर जाड मारतात भिया, त्यांना चमक पाहिजे. मला पातळ पाहिजे. तुम्ही छपाईच्या चौकटींवर स्प्रेच्या गननं लॅकर मारायचात ते मी बघितलंय. तसा एकसारखा हात मला अजून कुठे दिसला नाही."

दुसऱ्या दिवशी बाबांच्या सायकलमागे बसून मीही सुदामा नगरला गेले. तेव्हा तिथले निम्मे प्लॉट मोकळे होते, त्यांत म्हशी चरत. सरांच्या बंगलीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते विमान होतं. एका माणसाचं, मोटारीपेक्षा फार मोठं नाही, पिवळट हिरवं, जागोजागी थोडं आरपार दिसणारं. फोमच्या लाद्या कापून आकार करायचा आणि वर काचेच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून थरांवर थर चिकटवायचे, अशी त्याची घडण. आधीची सहा वर्षं राळेच्या एकेका डब्यासाठी सर महिनोन्‌महिने थांबले होते. बाजार खुला झाल्यावर डबे सियागंजातल्या दुकानांत मिळू लागले. बाबा डबा हातात घेऊन त्याच्यावरची परदेशी अक्षरं वाचत राहिले आणि म्हणाले, "ज्या दारानं हा आला त्याच दारानं आम्ही बाहेर पडलो." मग त्यांनी विमानाला एक फेरी मारली, पंखावर तळहात फिरवला आणि कोणी न विचारता सांगून टाकलं, "किरमिजी. गडद. कडांना सोनेरी रेघ."

"पांढरा," सर म्हणाले.

बाबांनी सायकल बाहेर काढायलाच घेतली होती. सरांनी त्यांना अडवलं नाही. एका फळीवर त्यांनी विमानाच्याच फोमचे आणि काचकापडाचे दोन तुकडे बांधून ठेवले होते, एक पांढरा रंगवलेला, एक किरमिजी. ती फळी त्यांनी आश्विनातल्या उन्हात ठेवली आणि काकूंना खायला आणायला सांगितलं. काकूंनी भुट्ट्याचा कीस आणला, वर खोबरं आणि लिंबू. तो संपेपर्यंत तासभर गेला. मग सर मला म्हणाले, "नलिनी, हात ठेव." पांढऱ्यावर हात राहिला. किरमिजीवरून मी तो झटकन काढला. सरांनी त्याच्या कडेशी अंगठ्याचं नख दाबलं तर तिथे खळगी पडली. "राळ उन्हानं मऊ होते, मास्तर. गडद रंग ऊन पितो. पंख उन्हात दोन तास उभा राहिला आणि मग वर गेला, तर मी खाली कसा येईन ते सांगता येत नाही." बाबांनी त्या खळगीत स्वतःचं नख घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सायकल स्टँडवर लावली आणि विचारलं, "कोणता पांढरा?"

"पांढरा म्हणजे पांढरा, यार."

"सर, असा पांढरा नसतोच."

पुढचे आठ दिवस आमच्या गॅलरीत दोरीवर सात पांढरे लटकत होते. तुपाच्या डब्यांचा पत्रा एकाच मापानं कापून बाबांनी पट्ट्या केल्या होत्या. कुठल्या पांढऱ्यात निळ्याचा थेंब, कुठल्यात काळ्याचा, कुठल्यात पिवळ्याचा. मला सातही सारखे दिसत. आईला तर सातही एकच वाटत आणि ती हसत होती. पण दहा वाजता उजेड आला की बाबा त्यांच्यासमोर उभे राहत आणि त्यांची बोटं पूर्वीसारखी हवेत हलत. शेवटी चार नंबर ठरला, काळ्याच्या एका थेंबाचा. त्या दिवशी पोह्यांची बशी रिकामी परत आली. आई ती हातात घेऊन उगाच उभी राहिली.

घासकाम माझ्याकडे आलं. रंगाआधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पृष्ठभाग पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासायचा, त्यात सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली की बोटानं लांबी दाबून ती बुजवायची, आणि पुन्हा घासायचं. डोळ्याला न दिसणारं भोक बोटाला कळतं, हे मी तिथे शिकले. पुढे पीथमपूरच्या कारखान्यात गाड्यांचा रंग तपासायला मला घेतलं ते याच बोटांच्या जोरावर, हे तिथल्या साहेबांना मी कधी सांगितलं नाही. आईला हे काम पसंत नव्हतं. "मुलगी पाहायला माणसं येतील आणि हिचे हात गवंड्याचे," असं ती म्हणायची आणि रोज मला हाताला लावायला साय बाजूला काढून ठेवायची. सरांनी घासकामाबरोबर मला एक वहीही दिली होती. विमानाच्या प्रत्येक भागाचं रंगाआधीचं आणि नंतरचं वजन, रंगाचे किती हात दिले, सगळं तिच्यात लिहायचं. ते म्हणत, "इथे वही खोटं बोलली तर मी मरेन. मतलब खरंच मरेन, मुहावरा नाही."

सगळ्यांत जास्त धाक शेपटीच्या पाट्यांचा होता. शेपटीच्या आडव्या पंखाला मागे बिजागऱ्यांवर वरखाली हलणाऱ्या दोन पाट्या असतात, त्यांनी विमान नाक वर किंवा खाली करतं. पाटी बिजागरीच्या रेषेवर दोऱ्यानं टांगली की तिची पुढची कड किंचित खाली झुकली पाहिजे. मागची झुकली, म्हणजे पाटी मागे जड झाली, तर वेगात ती आपोआप फडफडू लागते आणि शेपूट उखडून टाकायला तिला चहा गाळण्याएवढाही वेळ लागत नाही. म्हणून पाट्यांना रंगाचे दोनच हात, तेही पातळ. दिवाळीनंतर धूळ बसली, हवा कोरडी झाली, आणि बाबांनी रंग सुरू केला. सकाळी शेडच्या जमिनीवर पाणी शिंपायचं, मच्छरदाणीचं कापड दारावर ताणायचं, सरांनी सक्तीनं बांधायला लावलेला मास्क तोंडाला लावायचा आणि मग कॉम्प्रेसर. गन त्यांच्या हातात एका रेषेत जाई आणि मी श्वास धरून पाही. पाट्यांचे दोन हात वाळल्यावर सरांनी त्या टांगल्या. दोन्हींची पुढची कड झुकली. मी वहीत लिहिलं : दोन हात, ठीक. सर परवानगीच्या कागदांसाठी तीन दिवस दिल्लीला गेले.

दुसऱ्या दिवशी आईला बरं नव्हतं, म्हणून मी शेडवर उशिरा पोचले. आत शिरायच्या आधीच थिनरचा वास आला. आज रंग मारायचं काहीच काम नव्हतं. दोन्ही पाट्या तारेवर ओल्या चमकत होत्या आणि बाबा खुर्चीवर बसून त्यांच्याकडे पाहत होते.

"मागच्या कडेला पिवळं मारत होतं, खालची झाक वर येत होती," ते म्हणाले. "पंखाचा पांढरा वेगळा, हिचा वेगळा. असं काम मी देणार नाही. एक हात दिला बस."

"सरांनी दोनच सांगितले होते, बाबा."

"नलू, मी आयुष्यभर कापडाची थानंच्या थानं रंगवली. कोरं थान आणि रंगवलेलं थान तोलून बघ, काटा हलत नाही. रंगाला वजन नसतं. बस एवढ्यासाठी वहीत काय लिहायचं?"

ते खोटं बोलत नव्हते. कापडात रंग मुरतो, त्याचं वजन कोणाच्या हाताला लागत नाही. हा रंग वर बसतो, हे मला कळत होतं. मी बी.एस्सी. झाले होते. पण बाबांच्या नखांत पांढरा रंग भरला होता, दीड वर्षानं पहिल्यांदा, आणि मी वही उघडली नाही. तिच्यात "दोन हात, ठीक" तसंच राहिलं.

सर आले, पाट्या पाहून खूश झाले आणि वही पाहून त्यांनी त्या शेपटीला बसवून टाकल्या. पुन्हा तोलल्या नाहीत, कारण वही होती. शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर उडवायचं ठरलं, दहा दिवसांनी, रविवारी. ते दहा दिवस मी कसे काढले ते आजही नीट सांगता येत नाही. जेवताना घास फिरायचा. सायकलच्या मागच्या चाकाचं मडगार्ड फडफडलं तरी मी उतरून ते हातानं धरायचे. सुदामा नगरला गेलं की काकू बेसन भाजत असत, रविवारसाठी लाडू, आणि तुपाचा तो वास मला सहन होत नसे. त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं मी या शेडला सवत म्हणत आले गं. आता जाईल ती. पण हे परत येतील ना नीट?" मी म्हटलं, येतील. आणि घरी पाहावं तर बाबा आरशासमोर मिशी कापताना गुणगुणत. गल्लीतले जुने कामगार त्यांना पुन्हा "मास्तर" म्हणून हाक मारत, "सुना है हवाई जहाज रंग दिया" म्हणून थांबवून विचारत. मी बोलले तर हे सगळं जाणार होतं. नाही बोलले तर सर जाणार होते, किंवा जाणार नव्हते. कदाचित एका हातानं काही होत नसेल. त्या "कदाचित"वर मी सहा दिवस काढले, याची लाज मला या वयातही वाटते.

गुरुवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि दोरीवर मला दोन नव्या पट्ट्या दिसल्या. एकीच्या मागे बाबांच्या अक्षरात "पाटी, २", दुसरीच्या मागे "पाटी, ३". चोरून दिलेल्या हाताचाही तुकडा त्यांनी रिवाजाप्रमाणे राखला होता. मी त्या दोन आणि कापून उरलेल्या दोन कोऱ्या पट्ट्या घेतल्या आणि जिना उतरून सोनीजींपुढे ठेवल्या.

"टिन तोलवा रही हो बेटा?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. पण तोललं. कोऱ्या दोन्ही सारख्या भरल्या. मग "दोन" आणि "तीन". काचेच्या पेटीतलं ते नाजूक पारडं एका बाजूला गेलं आणि तिथेच राहिलं. सोनीजींनी चिमट्यानं बारीक वजनं टाकत नेली. "आधे ग्राम से ऊपर है. सोना होता तो मैं छोड़ता नहीं," ते म्हणाले आणि मी मागितलं म्हणून चिठ्ठीवर लिहून दिलं. पट्टी तळहाताएवढी होती. पाट्या केवढ्या होत्या ते मला पाठ होतं.

चिठ्ठी आणि पट्ट्या मी बाबांच्या वहीवर ठेवल्या. संध्याकाळी आईनं दाल-बाफले केले होते. बाबा गॅलरीतून आत आले, पाटावर बसले, एक बाफला कुस्करला आणि त्यावर तूप घेतलंच नाही. नंतर ते खाली गेले. सोनीजींनी पुढे मला सांगितलं, "तेरे बाबूजी ने तीन बार तुलवाया." पाच मिनिटांनी वर येऊन ते भिंतीकडे तोंड करून पडले. आईनं मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी मान हलवली.

सकाळी उठले तर सायकल नव्हती. बाबा कुठे गेले असतील याचे मी जे विचार केले ते लिहीत नाही. टेम्पोत बसून सुदामा नगर येईपर्यंत मी पदराचं टोक चावत होते. शेडचं दार उघडं होतं. एक पाटी शेपटीवरून उतरवून सरांनी दोऱ्यानं टांगली होती आणि तिची मागची कड खाली गेलेली होती. थोडी, दोन बोटं. बाबा हात मागे बांधून उभे होते. शाळेत उशिरा आलेली मुलं उभी राहतात तसे.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"तिला नव्हतं माहीत," बाबा म्हणाले. "ती आली तोवर वाळलं होतं. वहीचा दोष माझा."

"माहीत होतं," मी म्हटलं.

काकू पिठाचे हात घेऊन दारात आल्या. "काय हो झालं?"

"काही नाही," सर म्हणाले. "रंग थोडा जास्त झाला." त्यांनी खिशातली एक पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. "लिही." मी लिहिलं : तीन हात. मागे जड. माझं अक्षर इतकं वाकडं पूर्वी कधी आलं नव्हतं. सर त्यानंतर मला किंवा बाबांना एका शब्दानं बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून कोणतीही वही पाहून न थांबता ते स्वतः तोलून घेत. मी पीथमपूरला वर्षानुवर्षं तेच केलं.

पुढच्या बाजूला शिसं वाढवून तोल आणता आला असता, पण मग पाटीचं एकूण वजन आराखड्यातल्या मर्यादेबाहेर जात होतं. रंग उतरवायलाच हवा होता. मी पॉलिश पेपर आणि पाण्याची बादली घेतली, तर बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "हे माझं," ते म्हणाले. दोन दिवस ते एका स्टुलावर बसून घासत होते. पांढरं पाणी त्यांच्या कोपरांवरून ओघळत होतं आणि ते मान वर करत नव्हते. अख्ख्या नोकरीत न उतरवलेला रंग ते आपल्या हातांनी उतरवत होते, आणि तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत एकसारखा रंग होता. मी बाजूला बसून बादलीचं पाणी बदलत होते. शनिवारी दुपारी पाट्या टांगल्या. दोन्हींची पुढची कड झुकली. मागच्या कडेला पिवळं पुन्हा दिसू लागलं होतं.

रविवारी धावपट्टीवर पन्नासेक माणसं होती. काकूंनी लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. सर बसले, काच बंद झाली, आणि ते लहानसं विमान धावत जाऊन इतक्या सहज उचललं गेलं की टाळ्या वाजवायचं सगळे विसरले. मी शेपटीकडे पाहत होते. ती फडफडत नव्हती. सरांनी दोन फेऱ्या घातल्या. काकूंचे डोळे मिटलेले होते. बाबा माझ्या शेजारी, डोळ्यांवर हाताचा आडोसा करून. विमान उतरायला वळलं तेव्हा सकाळचे साडेदहा झाले असतील, त्यांचा रंग पाहायचा वेळ.

"नलू," ते हळूच म्हणाले, "मागच्या पाट्यांना पिवळं मारतंय. बघ. दिसतंय की नाही?"

एवढ्या लांबून कोणाला काय दिसणार? मला एक पांढरा ठिपका दिसत होता. पण ते थांबून राहिले होते, कोणीतरी सांगावं म्हणून, आणि मी म्हटलं, "हो बाबा. दिसतंय." त्यांनी समाधानानं मान हलवली आणि सरांना घ्यायला पुढे निघाले. त्या वहीनंतरचं माझं हे दुसरं खोटं. पहिल्यासाठी मी अजून कधीकधी दचकून जागी होते. या दुसऱ्याचं मात्र मला एकदाही वाईट वाटलेलं नाही.